धृपदाची जागा

देव बहुधा उंचावर असतात. आमच्या कळंबचा चिंतामणी मात्र खाली आहे. चक्रावती नदीच्या काठच्या या गावात गणपतीचे दर्शन घ्यायचे तर पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. तिथल्या कुंडातले पाणी दर बारा वर्षांनी आपोआप वर येते, मूर्तीच्या पायांना लागते आणि मग ओसरते, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. लहानपणी मी आजीला विचारले होते, "आजी, दर वेळी येते ते पाणी तेच असते का ग?" आजी म्हणाली, "पाय तेच हायेत ना? मंग पान्याची चौकशी कायले करतं?"

आजीचे हे उत्तर मी साठ वर्षे विसरून गेलो होतो. यंदा पोळ्याच्या सुमारास ते अचानक आठवले, आणि आठवले तेही मी एक चूक करून बसल्यावर. त्या चुकीचीच ही हकीकत आहे. दिवाळीच्या दिवसांत माणसाने घरातली जळमटे काढावीत असे म्हणतात. मनातली एखादी काढली तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

माझा एक पुतण्या गातो. नुसता गातो असे नव्हे. गाणी तो स्वतःच रचतो, चालीही स्वतःच लावतो. आमच्या घरात भजनाची परंपरा जुनी. वडील खंजिरी वाजवीत, मी पेटी धरीत असे, आणि हा पोरगा टाळकऱ्यांच्या मांडीवर झोपत झोपत मोठा झाला. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याने आपल्या भजनांचा पहिला अल्बम काढला. खंजिरीचा ठेका, मागे टाळ, आणि प्रत्येक ओळ त्याने म्हटली की सगळ्या मंडळींनी ती उचलायची. आमच्या पंचक्रोशीत तो घरोघरी वाजला. माझ्या पत्नीच्या शेवटच्या आजारात तर दुसरे काही तिला ऐकवतच नसे. पहाटे औषधाची वेळ झाली की ती म्हणायची, "पोराचं लावा." त्या भजनांचा आणि औषधाच्या वासाचा माझ्या मनात असा काही गुंता झाला आहे की अजूनही एक आले म्हणजे दुसरे येते.

यंदा त्याचा नवा अल्बम आला. आता कॅसेट नाही, तबकडी नाही. त्यानेच माझ्या मोबाईलवर लावून दिला आणि समोर बसून राहिला. मी डोळे मिटून ऐकू लागलो. खंजिरी नाही. टाळ नाहीत. एक तंबोऱ्यासारखा स्वर मागे वाजतो आहे, कुठे कुठे तोही नाही. देवाचे नाव क्वचित. कापसाचे एक गाणे, आटलेल्या विहिरीचे एक, रात्री वीज येते म्हणून ओलितासाठी रात्रीच शेतात जाणाऱ्या माणसाचे एक. आणि प्रत्येक ओळीनंतर एक लांबलचक शांतता. ओळ संपते, आणि गाणारा जणू पुढचे विसरून गेला आहे असे वाटावे इतका वेळ काहीच ऐकू येत नाही.

शेवटचे गाणे संपल्यावर त्याने विचारले, "कसं वाटलं, काकाजी?"

मी म्हणालो, "चांगले आहे. पण हे गाणे तुझे नाही."

तो काही बोलला नाही. पायांत चपला घालून निघून गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला माझाच प्रश्न पडला. गाणे त्याने रचले, चाल त्याची, गळा त्याचा. मग ते त्याचे नाही असे म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला? आणि त्याचे नाही, तर मग ते कुणाचे?

कलावंताने आपली तऱ्हा बदलली की ऐकणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते, हे काही माझ्यापुरते खरे नाही. आमच्या वडिलांचीही अशीच एक तक्रार होती, आणि ती साध्यासुध्या माणसाविरुद्ध नव्हती. ती होती तुकडोजी महाराजांविरुद्ध. महाराजांचा जन्म 1909 सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. मूळ नाव माणिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांचे ते शिष्य. शाळा नावापुरती झालेली. पण हातात खंजिरी आली आणि तोंडून स्वतःची पदे निघू लागली. रामटेक, सालबर्डीच्या रानांतून फिरणारा हा तरुण बैरागी देवाच्या वेडाची भजने म्हणे, आणि ऐकणारे देहभान विसरत. वडील त्या भजनांचे भक्त. पण महाराज तिथेच थांबले नाहीत. 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. 1936 साली ते सेवाग्रामला गांधीजींजवळ राहून आले. आणि 1942 च्या ऑगस्टात चिमूर पेटले तेव्हा त्यांची भजने इतकी तापलेली होती की सरकारने त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. पुढे 'ग्रामगीता' आली. एकेचाळीस अध्यायांच्या त्या ओवीबद्ध ग्रंथात गावची सफाई आहे, आरोग्य आहे, शिक्षण आहे, स्त्रियांची उन्नती आहे.

वडील म्हणत, "आधी महाराज गायचे तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं. आता ऐकलं की झाडू घ्यावासा वाटतो." हे ते तक्रार म्हणून सांगत. याहून मोठी स्तुती दुसरी कोणती असू शकेल, हे मला फार उशिरा कळले. आणि आणखी एक गोष्ट उशिरा कळली. रानातल्या पदांपासून गावसफाईच्या भजनांपर्यंत महाराजांचे सगळे बदलले. परंतु पदाच्या शेवटच्या ओळीत येणारी 'तुकड्यादास' ही नाममुद्रा राहिली आणि हातातली खंजिरीही राहिली. 1955 साली ते जपानला धर्मपरिषदेसाठी गेले तेव्हाही खंजिरी त्यांच्याबरोबर होती. म्हणजे विषय बदलला, श्रोते बदलले, सही मात्र तीच.

पण याने माझा प्रश्न सुटत नव्हता. उलट मला एक आधारच मिळाला. मी मनाशी म्हणालो, 'बघ, महाराजांनी निदान खंजिरी तरी सोडली नाही!'

तक्रार मनात धरून बसलेल्या माणसाला पुरावे हवे तितके सापडतात. म्हणून मी ठरवले की आधी आपली तक्रार नीट मांडून पाहावी. गायकाने माझ्याशी कुठला करार केला होता काय? नाही. मी पहिला अल्बम विकत घेतला, त्याचे पैसे दिले, त्याने गाणी दिली. हिशेब तिथेच मिटला. पुढची गाणीही तशीच देईन असे त्याने कुठे लिहून दिले नव्हते. मग माझे काय बुडाले? पहिला अल्बम तर अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. बोट लावले की वाजतो. त्यातला एकही टाळ कुणी चोरून नेलेला नाही.

आणि तरीही बुडाले आहे असे वाटते. का? खूप विचार केल्यावर मला कबूल करावे लागले की मला जे परत हवे होते ते गाणे नव्हतेच. मला ती पहाट परत हवी होती. 'पोराचं लावा' म्हणणारा तो आवाज परत हवा होता. पुतण्याने जन्मभर खंजिरीच वाजवत राहावे, म्हणजे ती पहाट कुठे तरी चालू राहील, अशी माझी वेडी समजूत. एखाद्या तरुण माणसाला आपल्या आठवणींचा पहारेकरी म्हणून नेमायचे आणि त्याने जागा सोडली की त्याला बेइमान ठरवायचे, हा न्याय झाला काय?

गाणे गायकाच्या हातात जितके बदलते, तितकेच ते ऐकणाऱ्यांच्या कानातही बदलत असते. गणपतीच्या पूजेत 'गणानां त्वा'ने सुरू होणारी ऋचा आपण सगळेच म्हणतो. ती ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातल्या तेविसाव्या सूक्तात आहे. हे मंडल गृत्समद ऋषींच्या कुळाचे. आणि गृत्समदांचा कळंबशी संबंध होता, कापसाची लागवड त्यांनीच इथे सुरू केली, असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. पण मूळ ऋचेत आवाहन आहे ते ब्रह्मणस्पतीला. आज आपण ज्या गजाननासमोर ती म्हणतो, त्याचे रूप त्या सूक्तात नाही. अक्षर बदलले नाही, स्वरसुद्धा पाठ करणाऱ्यांनी प्राणपणाने जपले, आणि तरीही गाणे दुसऱ्याच देवाचे झाले! ज्यांनी एक मात्रा बदलू दिली नाही त्यांनाही अर्थ बदलण्यापासून रोखता आला नाही. मग जो माणूस रोज जगतो, रोज काही पाहतो, त्याने न बदलता राहावे असे कसे म्हणावे?

इथे कुणी विचारील, म्हणजे प्रत्येक बदल चांगलाच मानायचा काय? तसे मी म्हणत नाही. बाजारात जे खपते ते पाहून तऱ्हा बदलणारे गायक थोडे नाहीत. काल भक्तिगीत, आज लग्नाच्या वरातीतले गाणे, उद्या निवडणुकीचे. हा बदल वाढीचा नव्हे. ही वारा पाहून शीड फिरवण्याची कला आहे. मग दोहोंतला फरक ओळखायचा कसा?

ऐकणाऱ्यांच्या रागावरून तो ओळखता येत नाही, एवढे खरे. अमेरिकेतला बॉब डिलन साध्या गिटारवर स्वतःची गाणी म्हणत लोकप्रिय झाला. 1965 च्या जुलैत न्यूपोर्टच्या महोत्सवात त्याने विजेवरची गिटार हातात घेतली, तेव्हा श्रोत्यांतल्या अनेकांनी हुर्यो केली. पुढच्या वर्षी मँचेस्टरला तर एकाने त्याला भर सभेत 'जुडास' म्हणून हाक मारली. जुडास म्हणजे ख्रिस्ताला धरून देणारा शिष्य. त्याच डिलनला 2016 साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. यावरून हुर्यो करणारे मूर्ख होते असे मी म्हणणार नाही. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. फक्त आपले प्रेम म्हणजे आपली मालकी, एवढी एक चूक त्यांच्या हातून झाली. माझ्याही हातून तीच झाली.

फरक ओळखण्याची खूण मला कुमार गंधर्वांच्या चरित्रात दिसते. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसे गाई, आणि लोक चकित होत. तसाच गात राहता तर त्याला काही कमी पडले नसते. पण ऐन तारुण्यात क्षयाने गाठले. 1948 साली ते देवासला राहायला गेले. कित्येक वर्षे गाणे बंद. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याच्या बायकांची, भिक्षेकऱ्यांची लोकगीते ऐकली. उठल्यावर जे गाणे बाहेर पडले ते निराळे होते. पूर्वीचा दमसास राहिला नव्हता. छोट्या छोट्या, तेजस्वी फेकींचे नवे गाणे त्यांनी घडवले आणि लोकधुनांमधून नवे राग उभे केले. जुन्या श्रोत्यांपैकी काहींना ते रुचले नाही. पण हा बदल वारा पाहून झाला नव्हता. आधी आयुष्य बदलले, मग गाणे. मला वाटते खूण हीच: जो बदल करताना गाणाऱ्याला काही गमवावे लागते, आणि तरीही तो केल्यावाचून त्याला राहवत नाही, तो खरा. स्वतःची यशस्वी नक्कल करीत राहणे त्यापेक्षा किती तरी सोपे असते.

ही खूण हाती आल्यावर मला आणखी अपराधी वाटू लागले. कारण पुतण्याचे काय बदलले, हे मी त्याला विचारलेच नव्हते.

नवरात्रात तो घरी आला तेव्हा मी विचारले. तो बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काकाजी, त्या वर्षी आपल्या शेजारच्या गावात तो शेतकरी गेला ना, त्याच्या दहाव्याले मले भजनाले बोलावलं होतं. आपलंच भजन. मी ओळ म्हटली. मागे म्हणाले कोनी उठलंच नाही. टाळ सगळ्यायच्या हातात होते जी, पन वाजले नाही. मी दुसरी ओळ म्हटली. तरी कोनी नाही. मंग माह्या गळ्यातूनबी निघेना."

कापसाच्या आमच्या जिल्ह्यात असे दहावे कसे असतात ते आम्हाला ठाऊक आहे. यवतमाळचे नाव गेल्या पाव शतकात देशभर ज्या कारणाने गेले त्याची आठवण सणाच्या दिवशी मी अधिक काढीत नाही. मी विचारले, "मग ती प्रत्येक ओळीनंतरची शांतता?"

"ते धृपद हाये, काकाजी. म्हनारे नाही म्हनून त्यायची जागा रिकामी ठेवली. मोजून ठेवली. टाळाच्या जितक्या मात्रा, तितक्याच."

मी गप्प झालो. ज्या शांततेला मी गायकाची विस्मृती समजलो, ती त्याची स्मृती होती. खंजिरी आणि टाळ गेले नव्हते. त्यांची जागा त्याने रिकामी राखली होती, पंगतीत न आलेल्या माणसाचे पान मांडून ठेवावे तशी.

तरीही एक गोष्ट मला बोलून दाखवावीशी वाटली, आणि ती मी बोललो. नाही तर हा लेख नुसता पश्चात्तापाचा झाला असता. मी म्हणालो, "तुझी तऱ्हा तुझी, तिच्यावर माझा हक्क नाही, हे मला पटले. पण धृपद उचलणारे आम्ही मेलेलो नाही. भजन हे एकट्याचे गाणे नव्हे. आमच्या भजनी मंडळातले म्हातारे टाळकरी विचारतात, 'यात आमी कुठं म्हनायचं?' त्यांना काय सांगू? त्यांच्या ओळीवर तुझा गळा तयार झाला आहे. खंजिरी वाजव, असे ते म्हणत नाहीत. आपल्याला जागा आहे का, एवढेच ते विचारतात." माझ्या मते ऐकणाऱ्याचा गाणाऱ्यावर काही हक्क असेल तर तो एवढाच, पण तो खरा आहे. आपण जुन्या चालीवर हक्क सांगू शकत नाही. त्याच्या गाण्याच्या अंगणात कुठे तरी बसायला जागा मात्र मागू शकतो.

तो हसला. नवा अल्बम आल्यापासून तो माझ्यासमोर हसला नव्हता. म्हणाला, "जागा तर हायेच ना, काकाजी. रिकामी हाये, बंद नाही."

मिलिंद नावाच्या ग्रीक राजाने नागसेन भिक्षूला विचारलेल्या प्रश्नांचा एक जुना पाली ग्रंथ आहे. त्यात जन्मोजन्मी माणूस तोच असतो की दुसरा, असा प्रश्न येतो. नागसेन दिव्याचा दाखला देतो. रात्रभर एक दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच काय? नाही. मग रात्री तीन निरनिराळे दिवे लागले होते काय? तेही नाही. त्याच दिव्याच्या आधाराने रात्रभर उजेड राहिला. पूर्वी हे वाचले तेव्हा मला ती शब्दांची हातचलाखी वाटली होती. आता वाटते, गाणारा बदलला की तोच राहिला, हा प्रश्नच आपण चुकीचा विचारतो. ज्योत क्षणाक्षणाला निराळी असते म्हणूनच ती ज्योत असते. जी हलत नाही ती चित्रातली. विचारायचे असेल तर एवढेच विचारावे, की ती कोणत्या तेलावर जळते आहे. लोकांच्या टाळ्यांवर, की स्वतःच्या आतल्या कशावर तरी?

कोजागिरीच्या रात्री आमचे भजन झाले. दूध आटायला ठेवले होते आणि मंडळींची नेहमीची पाच-सहा भजने म्हणून झाली होती. मी कुणाला न विचारता नवा अल्बम लावला, विहिरीचे गाणे. पहिली ओळ संपली. शांतता आली. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. दुसरी ओळ संपली. तेव्हा आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या टाळकऱ्याने, ज्याला आता नीट ऐकूही येत नाही, मांडीवरचे टाळ उचलले आणि त्या रिकाम्या जागेत अगदी हलकेच चार ठोके दिले. बरोबर तितकेच. पाचवा पडायच्या आत पुढची ओळ आली.

दूध उतू गेले. कुणाचे लक्ष नव्हते.

पुतण्या सध्या नागपूरला असतो. 'हे गाणे तुझे नाही' हे माझे वाक्य मी त्याच्यापाशी अजून मागे घेतलेले नाही. त्या दिवशी तो हसला आणि विषय तिथेच राहिला. पण मोठ्या माणसांच्या चुका अशा हसण्यात विरघळू देऊ नयेत. लक्ष्मीपूजनाला तो येणार आहे. पायऱ्या उतरून चिंतामणीला जाऊन आलो की ते वाक्य परत घेईन, असे ठरवले आहे. आणि मग त्याला सांगेन की पहाटे मी अजूनही जुना अल्बमच लावतो. तेवढी सवलत त्याने या म्हाताऱ्याला द्यावी.